गोळीबरोबर मराठीत एक कागदही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. मनोविकारावरची औषधं म्हणजे नुसत्या गुंगीच्या गोळ्या, त्यांनी माणूस बधिर होतो, एकदा लागल्या की सुटत नाहीत, तेव्हा घरच्यांनी त्या हळूच बंद कराव्यात, असा त्या पत्राचा सूर होता. सकाळी वाचून मी पेपर घडी घालून ठेवला. दुपारी पुन्हा काढला. त्या गृहस्थांनी लिहिलेलं सगळं खोटं नाही. जो त्रास त्यांनी पाहिला, तो मी २७ वर्षं पाहते आहे. पण ‘हळूच बंद करा’ हा सल्ला आमच्या घरात १९९८ साली पाळला गेला होता आणि त्यानंतरचे ११ दिवस मी अजून विसरलेले नाही. म्हणून हे लिहिते.

मी मिरजेची. पोस्टात काउंटरवर ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला विचारून लिहिते आहे. “लिही, पण नाव घालू नको आक्का,” म्हणाला, म्हणून नाव देत नाही.

आयटीआय करून तो कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून लागला होता. लेथवर त्याचा हात चांगला बसला होता. २३व्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. आधी कारखान्यात, मग घरी. शेजारच्या शेडमधली माणसं आपल्यावर पाळत ठेवतात, रस्त्यात कुणी खोकलं तर ती आपल्यासाठी खूण आहे, असं म्हणायचा. जेवण सोडलं, झोप सोडली. व्हायचं ते सगळं झालं, देवऋषी झाला, उतारे झाले, गंडेदोरे झाले. शेवटी मी रजा टाकून त्याला मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. आमचा नंबर ११२ होता. डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं विचारपूस केली, चिठ्ठीवर हॅलोपेरिडॉल लिहिलं आणि “पंधरा दिवसांनी या” म्हणून सांगितलं. त्यांच्या दारात अजून चाळीस माणसं उभी होती, त्यामुळे त्यांच्या घाईबद्दल माझा राग नाही. पण त्या घाईत एक वाक्य सांगायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ सोप्यात बसला होता. बोलता बोलता त्याची मान डावीकडे वळली आणि तिथेच अडकली. डोळ्यांची बुबुळं वर गेली आणि आढ्याला खिळल्यासारखी थांबली. जबडा आवळला गेला. त्याला सगळं कळत होतं, तो दातांतून “आक्का, आक्का” म्हणत होता, पण मान सरळ होत नव्हती. शेजारच्या बायका धावत आल्या. अंगात आलं म्हणून कुणी हळदकुंकू आणलं, कुणी लिंबू कापलं. आई त्याचे पाय धरून बसली. पाऊण तासाने रिक्षात घालून आम्ही त्याला कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने बघताक्षणीच विचारलं, “कसली गोळी चालू आहे?” फेनर्गनचं एक इंजेक्शन दिलं. मी घड्याळ बघत होते. २५ मिनिटांत मान सैल झाली, डोळे खाली आले, पोराने पाणी मागितलं.

याला डिस्टोनिया म्हणतात. तरुण मुलांमध्ये, विशेषतः जुन्या जोरकस औषधांनी, पहिल्या काही दिवसांत तो होऊ शकतो. दिसायला भयंकर, पण उपाय साधा. “मान किंवा डोळे अडकले तर घाबरू नका, लगेच दवाखान्यात या, इंजेक्शनने उतरतं,” एवढं एकच वाक्य आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आईने त्या रात्री ठरवून टाकलं की औषध म्हणजे विष. मी ड्युटीवर गेल्यावर तिने गोळ्या न्हाणीच्या मोरीत टाकल्या आणि मला सांगितलं नाही. सातव्या आठवड्यात भाऊ घरातून गेला. ११ दिवसांनी तो पंढरपूरच्या स्टेशनवर सापडला, अनवाणी, तळव्यांना भेगा, अंगावर कुणीतरी दिलेलं पोतं. आईचा मी कधीच दोष मानला नाही. तिने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून ती वागली.

ही औषधं नेमकं काय करतात, हे मला समजायला पुढे कित्येक वर्षं लागली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एकदा कागदावर पेशी काढून दाखवल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी पोस्टातली, म्हणून पोस्टाच्याच भाषेत सांगते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या रूपाने निरोप धाडतात. डोपामीन हे त्यातलंच एक रसायन. पलीकडच्या पेशीवर ते घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. समजा, या पत्रपेट्या आहेत. या आजारात मेंदूच्या एका भागात हे टपाल बेसुमार वाढतं. मग साध्या साध्या गोष्टींनाही तार आल्यासारखं महत्त्व येतं. रस्त्यातला खोकला ही खूण वाटते, पंख्याच्या आवाजात नाव ऐकू येतं. गोळी त्या पत्रपेटीच्या फटीवर जाऊन बसते. पत्रं टाकणारा टाकत राहतो, पण पेटीत कमी पडतात. काही दिवसांत अंगाची तगमग आणि रागाचा जोर उतरतो, आणि आवाज, संशय हळूहळू, आठवड्या-आठवड्यांनी मागे सरतात. भाऊ सांगतो, आवाज एकदम बंद झाले नाहीत. आधी शेजारच्या खोलीत गेले, मग रस्त्यापलीकडे गेले.

तेव्हा गुंगी म्हणजे हे औषध नव्हे. गुंगी त्यातल्या काही औषधांबरोबर येते, कारण ती हिस्टामीन नावाच्या दुसऱ्याच रसायनाच्या पेट्यांवरही बसतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते ती ह्याच वाटेने. नुसती झोप आणणाऱ्या गोळ्यांनी भावाचे आवाज गेले नसते. आणि व्यसन लागतं म्हणाल, तर ह्या गोळीसाठी कुणी जीव टाकत नाही, उलट ती घ्यायला लावता लावता घरच्यांच्या नाकी नऊ येतात. एकदम तोडली तर झोप उडते, मळमळतं आणि मूळ दुखणं उलटतं, हे मात्र खरं. म्हणून कमी करायची झाली तर डॉक्टरांच्या हाताखाली, पायरी-पायरीने.

आता अडचण कुठे आहे ती बघा. गोळीला पत्ता वाचता येत नाही. डोपामीन मेंदूत एकाच वस्तीत टपाल वाटत नाही. हालचाली सुरळीत ठेवणारा भाग वेगळा आहे, तिथेही त्याच पेट्या आहेत. तिथल्या फटी बंद झाल्या की हात थरथरतात, चेहरा लाकडासारखा होतो, पावलं आखूड पडतात, लाळ गळते. कंपवातात डोपामीन तयार करणाऱ्या पेशीच मरतात, इथे पेशी शाबूत असतात पण पेट्या झाकलेल्या असतात, म्हणून दोन्हीकडे लक्षणं सारखी दिसतात. मेंदूचे फोटो काढून शास्त्रज्ञांनी मोजलं आहे. साधारण ६५ टक्के पेट्या झाकल्या गेल्या की आजाराला आराम पडायला लागतो, आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हा ताठरपणा सुरू होतो. दोन्हींमधली जागा केवढी अरुंद आहे! म्हणून “थोडी जास्त दिली तर लवकर बरा होईल” हे ह्या औषधांना लागू नाही.

ही सगळी परकी औषधं, आपल्या प्रकृतीला मानवत नाहीत, असंही त्या पत्रात होतं. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं औषध फ्रान्समध्ये निघालं आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ऍन रुग्णालयात दिलं गेलं, हे खरं. पण त्याच्या २० वर्षं आधी, १९३१ साली, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघांनी सर्पगंधेच्या मुळीबद्दल लिहून ठेवलं होतं, की उन्मादात आणि वाढलेल्या रक्तदाबात तिचा उपयोग होतो. बिहारकडे ह्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणायचे. तिच्यातून रेसर्पिन निघालं आणि १९५४ पासून अमेरिकेतल्या रुग्णालयांत ते वेड्यांच्या वॉर्डात वापरलं जात होतं. ते का मागे पडलं? त्याने रक्तदाब फार उतरायचा, मन खचायचं, आणि अंग ताठरायचंच. म्हणजे झाडपाल्याचं होतं म्हणून ते बिनत्रासाचं नव्हतं. पुढे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना डोपामीनचा कच्चा माल टोचला, आणि ससे उठून हिंडायला लागले. तिथून डोपामीनचं कोडं सुटत गेलं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आपल्या मुळीचा ह्या शोधात एवढा वाटा आहे, हे मला फार वाटतं, म्हणून इथे लिहिलं.

परत आमच्या घरी येते. पंढरपूरहून आणल्यावर औषध बदललं, रिस्पेरिडोन सुरू झालं. आवाज कमी झाले. पण महिन्याभरात भाऊ बसेना. रात्री दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या. जेवायला बसला तरी पाय हलत. मी अंथरुणात पडून त्याची पावलं मोजत असे. आम्हाला वाटलं आजार उलटला. तसं आम्ही डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी आमच्या सांगण्यावर विसंबून डोस वाढवला. फेऱ्याही वाढल्या. एके दिवशी तो मला म्हणाला, “आक्का, पायात मोटार बसवल्यासारखं झालंय, स्विच सापडत नाही. असं जगण्यापेक्षा रुळावर जाऊन पडतो.” हे मी ऐकलं, तरी मला कळलं नाही. पुढच्या तारखेला त्या कागदावर पेशी काढणाऱ्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “आतून चैन पडत नाही का? बसावंसं वाटतं, पण बसवत नाही?” त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ह्याला अकाथिसिया म्हणतात. औषधाचाच परिणाम तो, आणि तो सोसवेना म्हणून माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात. डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल जोडलं. आठवड्याभरात तो पाय लांब करून झोपला. त्या रात्री पावलं ऐकू येईनात म्हणून मीच दोनदा उठून बघून आले.

त्याच ओपीडीच्या बाकावर मला एक बाई भेटायच्या, सांगलीजवळच्या खेड्यातल्या. त्यांची लेक १९ वर्षांची, तिलाही ह्याच जातीची गोळी होती. तिची पाळी चार महिने आली नव्हती, आणि छातीतून दुधासारखं पाणी येत होतं. त्या माउलीने काय समजायचं? घरात तिच्यावर काय काय आळ आला असेल, ते तिने मला पूर्ण सांगितलंच नाही, पदर तोंडाला लावून बसली. डोपामीनचं आणखी एक काम म्हणजे दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला आवर घालणं. पेट्या झाकल्या की तो आवर सुटतो. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड अशा औषधांनी हे जास्त होतं, रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि औषध बदलून आटोक्यातही येतं. त्या मुलीच्या चारित्र्याचा त्यात काही संबंध नव्हता. बाईंना आधी कुणी सांगितलं असतं, तर ते चार महिने त्या घरात वेगळे गेले असते.

मग ओलॅन्झापिन नावाच्या औषधाची वर्षं आली. थरथर नाही, फेऱ्या नाहीत, भाऊ हसायला लागला. आम्ही देवाला नारळ फोडला. पण भूक अशी लागायची की रात्री दोन वाजता तो टोपलीतल्या उरलेल्या भाकरी नुसत्या चटणीशी संपवायचा. १४ महिन्यांत वजन ५८वरून ८१ किलोवर गेलं. आई खूश, “पोरगं अंग धरतंय” म्हणायची. मीही खूशच होते. साखर तपासायला हवी, हे डोक्यातच आलं नाही. तपासली तेव्हा उपाशीपोटी १८८ निघाली. ही भूक त्याच्या जिभेची नव्हती. औषध भुकेचं आणि पोट भरल्याचं टपालही अडवत होतं, हे कळल्यावर मी त्याला “किती खातोस” म्हणून जे बोलले होते, ते सगळं मला एकेक आठवलं.

तेव्हापासून मी वही ठेवते. पोस्टातल्या रजिस्टरसारखी आखून घेतली आहे. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबी, शौचाला झाली की नाही. सहा महिन्यांतून एकदा मी त्याला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला सांगते, जीभ आतल्या आत स्थिर राहते का बघते, मग जीभ बाहेर काढायला लावते, अंगठ्याला एकेक बोट टेकवायला लावते. वर्षानुवर्षं ही औषधं घेणाऱ्या काहींना टार्डिव्ह डिस्किनेशिया होतो. तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, जीभ वळवळते. उशिरा लक्षात आलं तर औषध थांबवूनही तो पुरता जातोच असं नाही, म्हणून सुरुवात टिपायला हवी. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं तोंड असं हलायचं आणि पोरं मागे लागायची. ती गोळीची खूण होती, हे आता कळतं.

२०११ पासून भाऊ क्लोझापिनवर आहे. दोन औषधं नीट घेऊनही आवाज पुरते गेले नाहीत, की ह्या औषधाचा विचार करतात. त्याची कथाच निराळी आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये ह्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन आठ माणसं दगावली आणि कित्येक देशांत ते मागे घेतलं गेलं. मग १९८८ साली अमेरिकेत, दुसऱ्या कशानेच गुण न आलेल्या २६८ रुग्णांवर ते तपासलं गेलं. सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्क्यांना गुण आला, जुन्या औषधाने चार टक्क्यांना. म्हणून ते परत आलं, रक्ततपासणीच्या अटीवर. पहिले १८ आठवडे दर मंगळवारी मी भावाला घेऊन लॅबमध्ये जात असे. पांढऱ्या पेशींच्या मोजणीचा, म्हणजे काउंटचा, आकडा हातात आल्याशिवाय पुढच्या आठवड्याच्या गोळ्या मिळत नसत. आता महिन्यातून एकदा जातो. ताप आला, घसा धरला, तर क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, आधी काउंट करायचा, हे माझ्या सुनेलाही पाठ आहे.

क्लोझापिनने रात्री लाळ इतकी येते की उशीवर टॉवेल घालावा लागतो. पोट साफ होत नाही, आणि हे मी मुद्दाम ठासून लिहिते, कारण लोक बद्धकोष्ठाला किरकोळ समजतात. ह्या औषधाने आतड्याची हालचालच मंदावते, आतडं अडून माणूस जाऊ शकतो. आमच्याकडे इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध कायम असतं. दोन दिवस कोरडे गेले की मी तिसऱ्याची वाट बघत नाही.

आणि बिडीची गोष्ट. २०१६ साली पाय मोडून तो हाडांच्या वॉर्डात १२ दिवस होता. तिथे बिडी बंद. एरवी दिवसाला एक बंडल ओढणारा माणूस. गोळ्या आम्ही वेळच्या वेळी देत होतो, एक कमी नाही, एक जास्त नाही. तरी सहाव्या दिवसापासून तो उठेना, जीभ जड, हातांना झटके. प्लास्टरच्या दुखण्याने असेल म्हणाले. मी घाबरून त्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न केला, “बिडी बंद आहे का?” बिडीच्या धुराने यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन भराभर मोडून टाकतं. धूर बंद झाला की एन्झाइम मंदावतं, आणि तोच डोस रक्तात वाढत जातो. ओलॅन्झापिनचंही थोडंफार असंच. हे तंबाखू चघळण्याने होत नाही, धुरानेच होतं. डोस कमी केला, चार दिवसांत माणूस ताळ्यावर आला. बिडी सोडणं चांगलंच, पण सोडताना डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढंच. हे किती घरांना माहीत असेल? दवाखान्यात, आश्रमात, तुरुंगात, जिथे जिथे एकदम बिडी सुटते, तिथे हे घडत असणार.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. ह्या गोळ्या चालू असताना कडक ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि भ्रम असं एकत्र दिसलं, तर गोळी थांबवून तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग त्या वाचकांचं काय चुकलं? चुकलं ते असं. औषध चालू ठेवणारे आणि बंद करणारे यांची तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज २०१२ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात औषध घेणाऱ्यांतले २७ टक्के पुन्हा आजारी पडले, बंद केलेल्यांतले ६४ टक्के. आमचे ११ दिवस त्या ६४मधले आहेत. आणि अमेरिकेत १,४९३ रुग्णांवर झालेल्या, २००५ साली छापून आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, १८ महिने संपायच्या आत ७४ टक्क्यांचं दिलेलं औषध सुटलं होतं, कुणाचं गुण नाही म्हणून, कुणाचं त्रास सोसवेना म्हणून. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला माझ्या आईची मोरी दिसते. औषध लागतं, आणि त्याचा त्रासही होतो. ज्याला त्रासाबद्दल कुणी सांगितलेलंच नाही, तो स्वतःच्या अकलेने औषध बंद करतो. काही डॉक्टर म्हणतात, दुष्परिणाम सांगितले तर पेशंट गोळी घेणारच नाही. मी त्यांना हात जोडून सांगते, तुम्ही न सांगितल्यामुळे आम्ही बंद केली.

कायदा तर आमच्या बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२व्या कलमात रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराची, ठरवलेल्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. आणि ती कशी द्यायची? त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने. गोळ्यांच्या खोक्यातला कागद, असलाच तर, इंग्रजीत असतो, मुंगीएवढ्या अक्षरांत. पट्टी कापून दहा गोळ्या दिल्या तर तोही मिळत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिल्ह्याजिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ओपीडी आहेत. प्रत्येक औषधाचा पानभर मराठी कागद एकदा तयार करून तो पहिल्या चिठ्ठीला टाचला, तर डॉक्टरांचा वेळही मोडत नाही. ११२व्या नंबरच्या पेशंटलाही तो मिळेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने दोन मिनिटांत वाचून दाखवावा. त्यातही अडलं, तर टेली-मानस ह्या शासनाच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ ह्या फुकट नंबरावर मराठीत बोलता येतं. तो नंबर त्या कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत असावा.

भाऊ आता पन्नाशीत आहे. सकाळी दहा ते एक माझ्या दिराच्या पिठाच्या गिरणीत बसतो, दळण घेतो, पैसे नोंदवतो. आवाज अजून कधीमधी रस्त्यापलीकडून येतात, पण तो त्यांना ओळखतो. वजन ७१ किलो आहे, साखरेची गोळी चालू आहे. दर महिन्याच्या एक तारखेला गिरणी उघडली की तो आधी स्वतः वजनकाट्यावर उभा राहतो आणि मला ओरडून आकडा सांगतो, मी तो वहीत लिहिते.

आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन मी क्लोझापिनचा असा एक पानाचा कागद तयार केला आहे. तो ह्या पत्रासोबत जोडते. जागा झाल्यास छापावा. काय बघायचं, काय मोजायचं, कधी पळायचं, एवढंच त्यात आहे. लिहून झाल्यावर भावाला वाचायला दिला. त्याने पेन्सिलीने खाली एक ओळ वाढवली आणि ती छापलीच पाहिजे म्हणून बजावलं. ती अशी: ‘पेशंट चालत असेल, गप्प असेल, खात असेल, तर आधी त्यालाच विचारा काय होतंय.’

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)